उजवं चाक साठावर

तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे बबनरावांचा फोन येतो. धायरीला त्यांचं शेततळं आहे. चारही बाजूंनी बारा-बारा मजली इमारती उठल्या, त्यांच्या भावकीने जमिनी देऊन टाकल्या, पण बबनरावांनी आपले दोन एकर अजून सोडलेले नाहीत. त्यात म्हशींसाठी घास आणि मका असतो, आणि त्या मक्यासाठी हे तळं, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. फोनवर ते एकच वाक्य बोलतात, "ताई, तळं भरलंय, अप्पांना घिऊन या," आणि मी काही म्हणायच्या आत फोन ठेवतात. थंडीची चाहूल लागली की लोकांना हुरडा आठवतो, डिंकाचे लाडू आठवतात. मला दोन दांड्यांचा एक रिमोट आठवतो आणि मी सकाळपासूनच वैतागायला सुरुवात करते.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी. हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते, आणि निवृत्तीला इतकी वर्षं होऊनही घरातला प्रत्येक स्क्रू त्यांच्या हाताखाली कामाला आहे अशा थाटात वागतात. पोळी जाड झाली तर जाड झाली असं म्हणत नाहीत, किती जाड झाली ते सांगतात. मी एकसष्ट वर्षांची आहे, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि ते मला अजून बेबी म्हणतात. लग्न मी केलं नाही. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा वैतागायला हक्काचं माणूस म्हणून घरात हे एवढेच आहेत.

निवृत्तीनंतर या गृहस्थांनी आगबोट बांधली. नावाला आगबोट, आग नाही की धूर नाही, पोटात बॅटरी आहे. हातभर लांब, प्लायवूडची, दोन्ही कुशींना पाणी कापणारं एकेक मोठं चाक. चाकांच्या फळ्या श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांतून कापलेल्या. सगळी झाकणं एकाच जाडीची हवीत म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही इतकं श्रीखंड खाल्लं की मला आजही वेलचीचा वास आला की तोंड फिरवावंसं वाटतं. आणि एवढं करून त्या बोटीला सुकाणू नाही. विचारलं तर म्हणाले, दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटरी दिल्यावर सुकाणू कशाला, शोभेला?

तिला वळवायचं कसं, हे ऐकून घ्या, म्हणजे माझा वैताग कळेल. रिमोटवर दोन दांड्या. डाव्या अंगठ्याने डावी दांडी पुढे रेटली की डावं चाक फिरतं, उजव्याने उजवं. दोन्ही सारखी फिरली तर बोट सरळ जाते. डावीकडे वळायचं तर डावं चाक हळू करायचं आणि उजवं जोरात ठेवायचं. म्हणजे ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा हात आखडायचा. एवढं पाठ होतंय तोवर बोट फिरून तुमच्याकडे तोंड करून येऊ लागते आणि तिची डावी बाजू तुमच्या उजवीकडे जाते. पहिल्या दिवशी मी ती तीनदा काठावर चढवली. अप्पांनी शांतपणे विचारलं होतं, की तू भूमिती शिकवायचीस ना, मग मुलं पास कशी व्हायची? मी तेव्हापासून रिमोटला हात लावला नव्हता. लावला तो थेट दोन वर्षांपूर्वी, आणि तोही चोरून.

दोन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. त्याच्या आधी श्रावणात अप्पांना लकव्याचा हलका झटका येऊन गेला. पाय दसऱ्यापर्यंत सुधारला, बोलणं तर एक दिवसही बिघडलं नाही, दुर्दैवाने. पण डावा हात मागे राहिला. सदऱ्याची बटणं लागेनात, वाटी धरवेना. डॉक्टर म्हणाले होते, या पहिल्या काही महिन्यांत जेवढं येईल तेवढं येईल, नंतर अवघड आहे. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर चप्पल काढायला मी वाकले, तर अप्पांनी पाय मागे घेतला. म्हणाले, "बेबी, एक ठरवून टाकू. मी सांगेन तेव्हा मदत करायची. न सांगता करायची नाही." पुढची दहा मिनिटं ती चप्पल निघत होती आणि मी भिंतीकडे बघत उभी होते.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, फार गोड बोलायची. तिने एक पिवळा मऊ चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबायला. अप्पांनी तो दोनदा दाबला आणि तिला विचारलं, की यातून काय निघतं? ती म्हणाली, आजोबा, ताकद येते. ते म्हणाले, ते तुझं झालं, चेंडूतून काय निघतं? तो चेंडू मग टीव्हीच्या मागे गेला आणि अजून तिथेच आहे. ज्या कामातून काही निघत नाही ते काम हा माणूस करणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून बबनरावांचा फोन आला तेव्हा मीच म्हटलं, चला.

त्या दिवसांतली सिंहगड रस्त्यावरची सकाळ मला अजून नाकात आहे. पेटवलेल्या पाल्याचा धूर, इडलीच्या गाडीची वाफ, आणि गाडीत माझ्या शेजारी मांडीवर आगबोट घेऊन बसलेल्या अप्पांच्या मफलरचा डांबरगोळ्यांचा वास. मी गाडी चालवते आणि ते वळण येऊन गेल्यावर सांगतात की इथे डावीकडे वळायचं होतं. तळ्याशी पोचलं की घासाचा ओला वास, शेणाचा वास, आणि पाण्यावर पडलेली समोरच्या इमारतीची सावली, तिच्या वाळत घातलेल्या चादरींसकट. कागद निसरडा, म्हणून काठाने टायर आणि गाठी मारलेले दोर सोडलेले. अप्पांसाठी बबनराव एक प्लास्टिकची खुर्ची काठापासून चांगली लांब टाकायचे, आणि अप्पा ती दर वेळी दोन हात पुढे ओढायला लावायचे.

आणि बोट गोल फिरायची. दुसरं काय होणार? उजवा अंगठा दांडी पूर्ण रेटायचा, डावा जेमतेम निम्म्याच्या पुढे जाऊन थरथरत थांबायचा. उजवं चाक जोरात, डावं मंद, की बोट डावीकडे. एक फेरी, दोन फेऱ्या, सात फेऱ्या. उजवा हात थोडा कमी करा, म्हणजे सरळ जाईल, हे मी एकदा सुचवलं. अप्पा म्हणाले, चांगल्या हाताला का शिक्षा? बॅटरी उतरली की बोट मधोमध थांबायची, पाण्यात उतरायची सोय नाही, मग बबनराव सुतळीला नारळ बांधून तो बोटीपलीकडे फेकायचे आणि ओढत ओढत तिला काठाला आणायचे. त्यांच्या म्हशी रवंथ करत हा सगळा प्रकार बघत असायच्या. "आज बी गोलच फिरतीया की," असं बबनराव एकदा म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण परतताना अप्पा गाडीत एकही वळण चुकीचं सांगेनात, तेव्हा मला काळजी वाटली.

रिमोटबरोबर आलेली पुस्तिका मी वाचली होती. अप्पा पुस्तिका वाचत नाहीत. म्हणतात, यंत्र नीट बनवलं असेल तर पुस्तिका लागत नाही. तीत लिहिलं होतं की दोन्ही चाकं एकाच दांडीवर घेता येतात, म्हणजे एकाच अंगठ्याने सगळं. मी ते अप्पांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग डावा हात कशाला ठेवलाय, घड्याळ बांधायला?" त्यानंतरच्या रविवारी ते निघालेच नाहीत. आगबोट माळ्यावर टाक म्हणाले. पेपर उघडून बसले, आणि पान उलटायलाही डावा हात वर आला नाही.

आता इथून पुढचं माझं. पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर होतं की प्रत्येक चाकाची कमाल मर्यादा कमी करता येते. अप्पा अंघोळीला गेलेले असताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर रिमोट ठेवून, एका हाताने आमटी ढवळत मी ते केलं. उजवं चाक शंभरावरून साठावर. म्हणजे उजवी दांडी कितीही रेटली तरी चाक साठाच्या पुढे फिरायचं नाही, आणि डावा अंगठाही साधारण तेवढ्याच साठापर्यंत पोचत होता. साधं समीकरण. दोन्ही बाजू समान केल्या. डावं-उजवं करू नये म्हणतात ना, ते मी अक्षरशः केलं नाही, आणि स्वतःवर खूष झाले. मग दोन दिवस त्यांच्या मागे लागून, भांडून, बबनराव वाट बघतायत अशी थाप मारून त्यांना तळ्यावर नेलं.

बोट सरळ गेली. धुक्यातून, चादरींच्या सावलीवरून, समोरच्या काठापर्यंत, मागे दोन सारख्या रेघा सोडत. अप्पा खुर्चीवरून उठले. त्यांनी आपल्या डाव्या अंगठ्याकडे इतक्या आदराने पाहिलं, की टूलरूममधल्या एखाद्या होतकरू पोराकडेही कधी पाहिलं नसेल. बबनराव म्हणाले, "जमलं की वं अप्पा." अप्पा म्हणाले, जमणारच, हात माझा आहे. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला. मला रडू आलं ते मी कांद्यावर ढकललं.

पुढचे तीन-चार आठवडे आमच्या घरात सण होता. डावा हात येतोय असं एकदा पटल्यावर अप्पांनी त्याला कामाला जुंपलं. चहाची बशी डाव्या हातात, दाराची कडी डाव्या हाताने. रोज संध्याकाळी रविवारची तालीम म्हणून नुसता रिमोट हातात घेऊन दांड्या मागेपुढे करायचे, तास तास. सदऱ्याची बटणं वरून तिसऱ्यापर्यंत आली, मग चौथ्यापर्यंत. व्यायामवाली मुलगी थक्क झाली. तिला वाटलं चेंडूचा गुण. मी दाणे भाजत, तीळ निवडत, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. खोटं बोलून एवढं भलं होत असेल तर बिघडलं काय, असा माझा त्या महिन्याचा एकूण विचार होता.

आणि मग, पौष लागता लागता, अप्पा गप्प झाले. चहाचा कप उजव्या हातात घेता घेता थांबायचे आणि डाव्यात घ्यायचे. पेपरच्या कोऱ्या कडेवर सही करून बघायचे, एकाखाली एक, दहा-बारा सह्या. एका दुपारी मला बोलावून गॅसचे कागद कुठे आहेत, घराचे कुठे, बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे, हे दाखवलं. डॉक्टरांना स्वतः फोन करून काय विचारलं ते सांगितलं नाही. हात सुधारतोय आणि माणूस खचतोय, मला काही टोटल लागेना. वय झालं की चिडचिड होते, दुसरं काय, असं म्हणून मी गुळाचा पाक चढवला. बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईची ही अक्कल.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. ऊन चांगलं वर आलेलं, बबनरावांनी पेरू कापून तिखटमीठ लावून ठेवलेले. बोट निघाली, आणि हळूहळू उजवीकडे वळू लागली. अप्पांनी ओठ आवळले. उजवा अंगठा इतका रेटला की नखाखालचं रक्त गेलं. बोट उजवीकडेच वळत राहिली. हे तिसरा रविवार चालू होतं, आणि मी पेरू खात होते. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि अगदी हळू, बबनरावांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "बेबी, उजवा हातही जातोय माझा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डावा अंगठा सुधारला होता. तो आता साठाच्या किती तरी पुढे जात होता, आणि उजवं चाक मी साठावर बांधून ठेवलेलं होतं. बिचाऱ्याचा डावा हात जिंकत होता, आणि त्याला दिसत होतं ते उजव्याचं हरणं. तीन आठवडे हा माणूस दुसऱ्या झटक्याची वाट बघत जगत होता. रोज सकाळी उठून आपला चांगला हात तपासत होता, किल्ल्या मुलीच्या स्वाधीन करत होता, आणि हे सगळं मी आमटी ढवळता ढवळता केलं होतं.

मी तिथेच सांगितलं. चौदाव्या पानापासून सगळं. मग ते शंभर पुन्हा लावायला घेतलं. दोनदा चुकीचंच काहीतरी दाबलं, तिसऱ्यांदा ते लागलं. अप्पांनी रिमोट घेतला, दोन्ही दांड्या रेटल्या. बोट गेली, थोडीशी डावीकडे कललेली, पण गोल नाही. तळ्याच्या पार टोकाला गेली. उजवा हात धडधाकट होता आणि डावा जवळजवळ. इतकी चांगली बातमी मी इतक्या वाईट तोंडाने कधी कुणाला दिली नव्हती. बबनरावांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि ते म्हशींना पाणी दाखवायला निघून गेले.

तीन दिवस अबोला. पुण्यातला अबोला, म्हणजे "आपण जेवून घ्यावं" असं मलाच आपण म्हणून. संक्रांतीला मी पाया पडले. त्यांनी वाटीतली एक वडी माझ्या हातावर ठेवली, तिळगूळ घे म्हणाले, आणि पुढचं म्हणाले नाहीत. मी तशीच उभी राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "बत्तीस वर्षांत एका मुलाला ग्रेस मार्क दिला नाहीस. आया दारात येऊन रडल्या तरी दिला नाहीस. मला दिलास." मला म्हणायचं होतं की अप्पा, ती मुलं माझी नव्हती. म्हटलं नाही. वडी तोंडात टाकली, ती दाताला चिकटली, आणि प्रश्न मिटला.

या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि नक्की कुणाचा ते ठरत नाही. माझ्या साठामुळेच ते परत तळ्यावर गेले, तळ्यावर गेले म्हणून हात हलला. ती चोरी केली नसती तर आज बटणं मी लावत असते. आणि त्याच चोरीने त्यांना तीन आठवडे मरणाच्या दारात बसवून ठेवलं. मदत न करावी तर माणूस माळ्यावर जातो, करावी तर स्वतःचाच हात त्याला परका होतो. ती कधी काढून घ्यायची हे कुठल्या पुस्तिकेत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत पाहिलंय. शिवाय मदत करणाऱ्याला आपण केलेली मदत विसरायची खोड असते. मी तर साठ आकडाच विसरले होते.

यंदा पुन्हा तुळशीची लग्नं झाली, फोन आला. समोरची इमारत आणखी चार मजल्यांनी वाढली आहे, चादरीही वाढल्या आहेत. आणि अप्पांचा डावा हात उन्हाळ्यापासून पुन्हा मंदावला आहे. झटका नाही, डॉक्टर म्हणतात, वय आहे. बटणं पुन्हा तिसऱ्यावर अडतात. पहिल्याच रविवारी बोट गोल फिरली. परवा अप्पा अंघोळीला गेलेले असताना मी ओट्याशी उभी होते आणि रिमोट माझ्या हातात होता. पडद्यावर ते पान उघडलेलंही होतं, उजवं चाक, शंभर. चार वेळा बटण दाबलं की साठ. यातला खरा वैताग हा, की उत्तर मला येतं आणि लिहिता येत नाही. मी रिमोट बंद केला, आणि अप्पांचा सदरा खुंटीवर, हाताला लागेल असा ठेवला. तेवढं चालतं.

काल तळ्यावर गेलो. पाणी वाऱ्याने चुरगळलेलं होतं, बबनरावांनी खुर्ची लांब टाकली, अप्पांनी ती दोन हात पुढे ओढायला लावली. मी बोट घेऊन काठाशी वाकले. हा माणूस आयुष्यभर मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत आला नाही. बोट दोन विटांवर ठेवून दोन्ही चाकं पळवली तर त्यांना एका मिनिटात कळेल मी काय केलंय आणि काय नाही. पण ते विटा मागत नाहीत. त्या हिवाळ्यापासून दर रविवारी, बोट पाण्याला टेकायच्या आधी, मला विचारतात.

"आज काही मदत केलीयेस?"

"नाही, अप्पा."

त्यांनी दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले. डावा ठेवायला थोडा वेळ लागला. मी थांबले.

"मग सोड," ते म्हणाले. "जाईल तिकडे जाईल."